दारातला ढालाईत

"नाळे खाली होट्टेली बरबेकु," डॉक्टर म्हणाले. उद्या रिकाम्या पोटी यायचं. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून पहाटेची बस धरून आलेल्या आज्जीनं त्यातला एकच शब्द पकडला, 'खाली', आणि मुकाट्यानं जिना उतरून ती तळमजल्यावर जाऊन बसली. कन्नडात खाली म्हणजे रिकामं. आमच्याकडं खाली म्हणजे खालीच. तासाभरानं वॉर्डातल्या अटेंडरला ती बाकड्यावर दिसली. "आज्जी, हितं का बसलायसा?" "डॉक्टरनी खाली बसायला सांगलाय." तो हसला नाही. "तसं न्हवं आज्जी. उद्या सकाळी काय खायाचं न्हाई, च्यासुद्धा न्हाई, आन् रक्त द्यायला यायचं." मग आज गावी जाऊन उद्या परत यायचं की रात्रीपुरतं शहरातच राहायचं, याचा हिशेब दोघांनी बसून केला. अनगोळात तिचा कुणी भाचा होता, त्याला फोन यानंच लावला, स्वतःच्या मोबाइलवरून.

मी शेजारी आईच्या रिपोर्टची वाट बघत होतो. पुढच्या दोन-तीन खेपांत त्या अटेंडरशी ओळख झाली. त्याच्या पगाराच्या कागदावर त्याचा वर्ग छापलेला आहे: अकुशल.

हा लेख त्या एका शब्दाबद्दल आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, तिकडं कारवार-हल्याळ, वर बिदर-भालकी, या सगळ्या सीमापट्ट्यात शिपाई, अटेंडर, वॉर्डबॉय, आया, वॉचमन, झाडणारी मावशी ही सगळी माणसं रोज जे करतात त्याला अकुशल म्हणणं धडधडीत खोटं आहे, असं माझं म्हणणं आहे. आणि त्या खोट्यावरच त्यांच्या नोकरीचा आजचा बाजार उभा आहे.

बेळगावातल्या कुठल्याही कचेरीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. साहेब मंड्या-तुमकूरकडचे, तीन वर्षांत बदलून जाणारे. फॉर्म कन्नडात. समोर येळ्ळूरचा शेतकरी, बोलतो मराठी, वाचतो मराठी, कन्नड बाजारापुरतं. मागं रांगेत बैलहोंगलकडची बाई, तिला मराठीचं अक्षर येत नाही. तिच्यामागं उर्दू बोलणारा कुणी. 2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारे जवळपास पाचात एक होते. या सगळ्यांत आणि साहेबात जो उभा असतो तो साहेबाचा शिपाई. कुठल्या खिडकीवर जायचं, कुठला दाखला कमी पडतोय, साहेब आज चिडलेत म्हणून उद्या या, हे सगळं तो समोरच्याचा चेहरा बघून भाषा बदलून सांगतो. मी मोजलं नाही, पण एका सकाळीत असा माणूस पन्नास वेळा तरी इकडची भाषा तिकडं नेत असेल. हेच काम पंचतारांकित हॉटेलात टाय लावून केलं तर त्याला गेस्ट रिलेशन्स म्हणतात.

जुनी भाषा या माणसाला जास्त मान देत होती. कर्नाटक सरकारच्या डी ग्रुपमध्ये, म्हणजे नोकरीच्या सगळ्यात खालच्या वर्गात, 'दलायत' नावाचं पद आहे. कन्नड मित्रांना तो शब्द कन्नड वाटतो, पण ऐकला की आपल्याला ओळखू येतो: ढालाईत. ढाल-तलवार घेऊन पुढं चालणारा. पुढं ढाल गेली, कमरेला पट्टा आला, छातीवर पितळी बिल्ला आला. मग पट्टाही गेला आणि आता गळ्यात एजन्सीचं प्लास्टिक कार्ड असतं. शब्द मात्र दोन्ही भाषांत फिरत राहिला. इथले पुष्कळ शब्द असेच दोन्हीकडचे असतात, भांडणं तेवढी ज्याची त्याची.

माझे वडील असे पितळी बिल्ल्याचे शिपाई होते. 1974 साली एका सरकारी कचेरीत रोजंदारीवर लागले. शिक्षण सातवी, मराठी शाळेतलं. कन्नड ते कचेरीतच शिकले, आवक-जावक रजिस्टरातले पत्ते वाचून वाचून. आधी अंक, मग गावांची नावं, मग साहेबांचा शेरा. काही वर्षांनी कायम झाले. आम्ही भावंडं शिकलो, वडगावात दोन खोल्या झाल्या, आणि म्हातारपणी पेन्शन आली. मी हे गहिवरून सांगत नाही. त्या नोकरीत साहेबाची भाजी आणण्यापासून त्यांच्या पोराला शाळेत सोडण्यापर्यंत सगळं होतं, आणि वडील त्याबद्दल कधी बोलत नसत. पण महिन्याच्या पगाराला नाव होतं, पदाला नंबर होता, आणि 'तू उद्यापासून येऊ नको' असं कुणी सहज म्हणू शकत नव्हतं.

आज माझा भाचा तशाच एका कचेरीत तेच काम करतो. बी.कॉम. झालाय, मराठी-कन्नड दोन्ही लिहितो, कॉम्प्युटरवर दोन्ही लिप्यांत टाइप करतो. तो त्या कचेरीचा कुणीच नाही. तो एका एजन्सीचा माणूस आहे, आणि त्या एजन्सीचा मालक त्यानं आजवर पाहिलेला नाही.

मधल्या काळात काय झालं, ते सांगायला हवं, कारण आपल्याकडं ते भाषेच्या गलबल्यात बुडून जातं. 2006 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं उमादेवी खटल्याचा निकाल दिला. खटला कर्नाटकातलाच, विक्रीकर खात्यातल्या रोजंदारी कामगारांचा. मागच्या दारानं लागलेल्याला केवळ बरीच वर्षं काढली म्हणून कायम होण्याचा हक्क नाही, असं न्यायालयानं सांगितलं. मात्र मंजूर पदावर दहा वर्षं काढलेल्यांचा एकदाच विचार करा, असंही सांगितलं. निकालाचा हेतू भरती सरळ मार्गानं व्हावी हा होता. सरकारांनी त्यातला पहिला अर्धा भाग पाठ केला. कायम करावं लागू नये म्हणून नेमायचंच नाही, हा त्यातून निघालेला धडा. माणूस नेमायचा नाही, 'सेवा' विकत घ्यायची. दहा शिपायांची पदं रिकामी ठेवायची आणि 'मनुष्यबळ पुरवठा' असं टेंडर काढायचं.

या टेंडरची गंमत नीट समजून घेण्यासारखी आहे. किमान वेतन सरकारनं ठरवलेलं, पीएफ 12 टक्के मालकाचा आणि 12 टक्के कामगाराचा, ईएसआयला, म्हणजे कामगाराच्या आजारपणाच्या विम्याला, मालकाचे 3.25 आणि कामगाराचे 0.75 टक्के, हेही ठरलेलं. मग ठेकेदारांनी स्पर्धा कशात करायची? फक्त स्वतःच्या सेवाशुल्कात. जो सगळ्यात कमी शुल्क भरेल त्याला काम. शुल्क घासत घासत इतकं खाली येतं की त्यात त्याच्या ऑफिसचं लाइटबिल भागू नये. तरी तो दरवर्षी टेंडर भरतो. मग त्याचं पोट कशावर भरतं? हा प्रश्न सरकारी फायलीत कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. लागताना घेतलेलं 'डिपॉझिट', युनिफॉर्मची कापणी, सव्वीस दिवसांचे चोवीस भरलेले, दोन महिने अडवून ठेवलेला पगार, पीएफ कापलाय पण खात्यात दिसत नाही. सगळे ठेकेदार असं करतात असं मी म्हणणार नाही. पण प्रामाणिक ठेकेदाराला ही पद्धत टेंडरमध्ये टिकू देत नाही, एवढं मात्र नक्की.

आता दोन आकडे शेजारी ठेवू. सातव्या राज्य वेतन आयोगानंतर 1 ऑगस्ट 2024 पासून कर्नाटकात सरकारी नोकराचं किमान मूळ वेतन 17,000 वरून 27,000 रुपये झालं. म्हणजे आज कायम लागलेला अटेंडर भत्ते सोडून 27,000 वर सुरू होतो. माझ्या भाच्याच्या हातात गेल्या महिन्यात 13,400 पडले. दोघांची खुर्ची एकाच व्हरांड्यात, दोघांनी उचलायची फाइल एकच. कायमवाल्याला मिळतं ते जास्त आहे असं कुणी म्हणू नये, तो नियमानं मिळवतो. मला विचारायचंय ते हे की, अर्ध्या पैशांत तेच काम करून घ्यायला सरकारला लाज का वाटत नाही.

आणि इथं आपल्या बाजूचं बोलावं लागेल, राग आला तरी.

सीमाभागातल्या मराठी राजकारणानं गेली कित्येक वर्षं मराठीतून परिपत्रकं मागितली. मागणी न्याय्य आहे, घटनेच्या चौकटीतली आहे. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, 1956 साली, केंद्रानं भाषिक अल्पसंख्याकांसाठी जे निवेदन केलं त्यातून पुढं हा निकष आला, की जिथं असे लोक 15 टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात. पण त्याच संरक्षणांत आणखी एक गोष्ट होती, जी व्यासपीठावरून फारशी ऐकू येत नाही: राज्याच्या नोकरीत घेताना राजभाषेचं ज्ञान ही पूर्वअट करू नये, ती परीक्षा परिवीक्षेचा काळ संपायच्या आत घ्यावी. म्हणजे माझे वडील जसे लागले आणि शिकले, तसंच. ही गोष्ट शिपायाच्या पोराच्या पोटाशी जोडलेली होती. आपण परिपत्रक मराठीत मागितलं, पगारपत्रक मात्र कुठल्याच भाषेत मागितलं नाही. दर 1 जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापुढं आपण उभे राहतो, राहिलंच पाहिजे. तिथं फुलं वाहायला येणाऱ्यांतली निम्मी पोरं दुपारी कुठल्या एजन्सीच्या ड्युटीवर जातात, हे आपण विचारत नाही.

2024 च्या जुलैची गोष्ट घ्या. खासगी उद्योगांत स्थानिकांना व्यवस्थापनाच्या जागांत 50 टक्के आणि बाकीच्या जागांत 70 टक्के वाटा देणारं विधेयक कर्नाटकच्या मंत्रिमंडळानं 15 तारखेला मंजूर केलं. बेंगळुरूच्या कंपन्यांनी ओरड केली आणि 17 तारखेला ते बाजूला ठेवलं गेलं. दोन दिवसांचं आयुष्य. पण त्या दोन दिवसांत बेळगावच्या कट्ट्यावर काय बोललं गेलं? मराठी पोरांना हाकलायचा डाव. मी मसुद्यातली व्याख्या वाचली. राज्यात जन्म, 15 वर्षांचं वास्तव्य, कन्नड बोलता-वाचता-लिहिता येणं, आणि दहावीला कन्नड हा विषय नसेल तर परीक्षा. आपल्या मराठी शाळांतल्या पोरांना कन्नड विषय असतोच. म्हणजे अनगोळचं मराठी पोरगं त्या व्याख्येत सरळ बसत होतं आणि नोएडाहून आलेला इंजिनियर बसत नव्हता. ज्या विधेयकात आपण आत होतो, त्याच्या बाहेर असल्यासारखे आपण ओरडलो.

दुसरीकडं महाराष्ट्रानं 2008 च्या शासन निर्णयानं दावा केलेल्या 865 गावांतल्या मराठी उमेदवारांना 15 वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर आपल्या नोकरभरतीत पात्र धरलंय. गंमत बघा, तिकडंही पंधरा आणि इकडंही पंधरा. खानापूरच्या एकाच पोराला दोन राज्यं कागदावर 'आपला' म्हणतात. आणि देतात काय? महाराष्ट्रानं सप्टेंबर 2023 मध्ये नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला, ओरड झाली म्हणून ऑक्टोबरात मागं घेतला. ठेका काही त्यामुळं गेला नाही. त्यामुळं हे पोरगं चोर्ल्याच्या घाटानं पणजीला जातं आणि हॉटेलात ट्रॉली ढकलतं. तिथं त्याला कोकणी येते म्हणून कौतुक होतं. पगार तिथंही एजन्सीच देते.

फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावजवळ एका बस कंडक्टरला मराठीत बोलत नाही म्हणून मारहाण झाली. मग दोन्ही राज्यांच्या बसगाड्या अडकल्या, काळं फासलं गेलं, 22 मार्चला कर्नाटक बंद झाला. तेव्हा मी गप्प बसलो होतो, याची मला आजही टोचणी आहे. ड्युटीवरच्या माणसावर हात टाकणं चूकच होतं, भाषा कुठलीही असो. कंडक्टर काय, अटेंडर काय, सरकारच्या अंगावरचा राग काढायला ही माणसं आपल्याला हाताशी सापडतात. बोर्ड कन्नडात कुणी लावला, फॉर्म कन्नडात कुणी छापला, ते सापडत नाहीत.

मग काय व्हावं? माझ्या मनात आहे ते साधं आहे, आणि नवं नाही.

पहिलं म्हणजे अकुशल हा शिक्का काढा. सीमेवरच्या तालुक्यांत लोकांशी थेट संबंध येणाऱ्या प्रत्येक जागेला, दवाखाना असो, तहसील असो वा बसस्टँडवरची चौकशी, दोन भाषा येणं ही पात्रता धरा आणि त्याचा भत्ता द्या. कन्नड सक्तीचं असेल तर असू दे, मी त्याविरुद्ध नाही. ज्या राज्यात नोकरी करायची त्या राज्याची भाषा यायला हवी. वडिलांनी ती रजिस्टरातून शिकली, आताचं पोरगं शाळेतून शिकतंय. पण मराठी येणं हेही त्या खुर्चीचं काम आहे, उपकार नाही. ज्याला बैलहोंगलच्या बाईशी आणि खानापूरच्या आज्जीशी दोघींशीही बोलता येतं, तो अर्धकुशल तरी नक्की आहे. माझ्या मते कुशल. यात मराठीचा फायदा होतो म्हणून कुणी चिडेल, तर त्यांना मी म्हणेन की अथणीचं कन्नड पोरगंही मराठी शिकलेलं असतं आणि भत्ता त्यालाही मिळेल.

दुसरं, पगार कचेरीनं थेट द्यावा. हे अशक्य नाही, कर्नाटकानंच करून दाखवलंय. पौरकार्मिकांना, म्हणजे शहरं झाडणाऱ्यांना, आधी ठेकेदार पगार द्यायचा. मग 'नेर पावती' आली, पालिकेकडून थेट खात्यात. जुलै 2022 मध्ये त्यांनी राज्यभर संप केला, सरकारला कायम करण्याचं मान्य करावं लागलं, आणि 1 मे 2025 ला बेंगळुरूत 12 हजारांहून अधिक जणांच्या हातात नेमणुकीची पत्रं पडली. त्या बायांनी कुठल्या भाषेत घोषणा दिल्या? कन्नडात दिल्या, तेलुगूत दिल्या, ज्या येत होत्या त्या दिल्या. आपल्या बेळगावच्या वॉर्डबॉयला असा संप कधी जमला नाही, कारण मराठी वॉर्डबॉय आणि कन्नड वॉर्डबॉय डबा वेगळ्या बाकड्यावर खातात. हे बाकडं कुणी वेगळं केलं, याचा दोष मी दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना देतो, आणि आपल्या बाजूला थोडा जास्त, कारण ते आपलं ऐकतील अशी वेडी आशा आहे.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न येणारच. मे 2024 मध्ये कर्नाटक सरकारनं बाह्यस्रोत, म्हणजे एजन्सीमार्फतच्या, नोकऱ्यांनाही आरक्षण लागू केलं, महिलांना त्यात 33 टक्के. चांगलंच केलं. पण याचा दुसरा अर्थ असा, की या नोकऱ्या तात्पुरत्या नाहीत हे सरकारनंच मान्य केलं. जे काम बारा महिने, तेरा काळ चालतं ते तात्पुरतं कसं? 1970 सालच्या कंत्राटी कामगार कायद्याच्या नावातच 'नियंत्रण आणि निर्मूलन' होतं. नियंत्रण थोडंफार दिसलं, निर्मूलनाची वाट बघता बघता आम्ही पन्नाशी ओलांडली. शिवाय ठेकेदाराचं शुल्क, त्यावरचा जीएसटी, हे आज सरकार भरतंच आहे. आणि हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात दर हिवाळ्यात दहा-पंधरा दिवसांचं अधिवेशन भरवायला पैसे कमी पडल्याचं मी कधी वाचलेलं नाही. 2012 साली उभी राहिलेली ती एवढी मोठी इमारत वर्षभर झाडायला जी माणसं लागतात, त्यांच्याबद्दल त्या अधिवेशनात एखादा तास बोललं गेलं तरी पुष्कळ.

न्यायालयाचं वारंही थोडं फिरलंय. 20 डिसेंबर 2024 च्या जग्गो खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं सफाई आणि बागकाम करणाऱ्यांना कायम करायला सांगितलं, आणि उमादेवीच्या निकालाचा आडोसा करून कामगारांना नाकारण्याच्या सरकारी सवयीवर कडक शब्दांत बोललं. ती माणसं थेट खात्याकडं होती, एजन्सीकडं नव्हती. त्यामुळं माझ्या भाच्याला तो निकाल जसाच्या तसा लागू होत नाही. पण किती वर्षं, कुठल्या खुर्चीवर, कुणाच्या हुकमाखाली काम केलं, याचा पुरावा लागतो हे त्यातून कळतं. आणि नेमका तो पुरावाच या पद्धतीत पुसला जातो.

गेल्या 1 एप्रिलला भाच्याच्या कचेरीतलं टेंडर बदललं. जुनी एजन्सी गेली, नवी आली. तीच खुर्ची, तोच व्हरांडा, तेच साहेब. फक्त गळ्यातलं कार्ड बदललं, आणि त्यावर रुजू तारीख पडली 1 एप्रिल. आधीची सहा वर्षं कुठं गेली ते त्या कार्डाला माहीत नाही. जुनं कार्ड सुपरवायझरला परत द्यायचं होतं. मी त्याला म्हटलं, द्यायच्या आधी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून ठेव, आणि हजेरीच्या वहीचे फोटोही. तो म्हणाला, "मामा, हजेरी आता अंगठ्यावर असते. वही कुठंय?"